मुलांचे उच्चशिक्षण आणि पालकांची करवजावट : प्रवेशाच्या वेळीच विचार हवा

बारावीचा निकाल लागला की गोव्यातील घराघरांत एकच लगबग सुरू होते. कोणाला फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश हवा असतो, कोणाला बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात, तर कोणी बेळगाव किंवा पुण्याची वाट धरतो. शुल्काची जुळवाजुळव, वसतिगृहाची अनामत, बँकेच्या फेऱ्या या धावपळीत प्राप्तिकराचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो येतो पुढच्या वर्षी, विवरणपत्र भरण्याची मुदत तोंडावर आल्यानंतर. त्या वेळी पावत्यांची फाइल घेऊन करसल्लागाराकडे गेलेल्या पालकाला अनेकदा निराश होऊन परतावे लागते. शुल्क मुलाच्या खात्यातून भरले गेलेले असते, कर्जाच्या कागदावर पालक केवळ जामीनदार असतो, किंवा ज्या करप्रणालीत तो आहे तिच्यात ही वजावटच नसते.

मुलांच्या शिक्षणावर होणाऱ्या खर्चाची दखल आपला प्राप्तिकर कायदा घेतो. मात्र शिक्षण कोण घेत आहे यापेक्षा पैसे कोणी भरले, ते कोणत्या खर्चासाठी भरले आणि कर्ज कोणाच्या नावे आहे, याकडे त्याचे लक्ष अधिक असते. या तिन्ही गोष्टी प्रवेशाच्या आठवड्यातच ठरून जातात. नंतर त्या बदलणे कठीण असते. म्हणूनच हा विषय त्याच वेळी समजून घेणे हिताचे.

मूल सज्ञान झाले म्हणून वजावट थांबत नाही

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाच्या शिक्षणखर्चावर पालकांना करसवलत मिळत नाही, असा समज बऱ्याच ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. शुल्काच्या वजावटीसाठी कायद्याने मुलाच्या वयाची अट घातलेली नाही. मूल पालकांवर अवलंबून असावे, अविवाहित असावे, अशीही अट नाही. सावत्र आणि दत्तक अपत्याचाही कायद्यातील ‘अपत्य’ या संज्ञेत समावेश होतो. त्यामुळे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या तेवीस वर्षांच्या मुलीचे शुल्कही पालकांच्या वजावटीस पात्र ठरू शकते.

प्राप्तिकर अधिनियम, १९६१ मध्ये या विषयाशी संबंधित दोन प्रमुख कलमे आहेत. शुल्कासाठी कलम ८०सी आणि शैक्षणिक कर्जावरील व्याजासाठी कलम ८०ई. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ अमलात आला असून त्यात या तरतुदी अनुक्रमे कलम १२३ आणि कलम १२९ मध्ये आल्या आहेत. मात्र २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे विवरणपत्र जुन्या अधिनियमानुसारच भरावयाचे असल्याने या लेखात परिचित कलमांचाच उल्लेख केला आहे.

शुल्काची वजावट : पावतीतील प्रत्येक रक्कम धरली जात नाही

कलम ८०सी खाली करदात्याला जास्तीत जास्त दोन अपत्यांच्या शिक्षण शुल्काची वजावट घेता येते. शिक्षणसंस्था भारतात असावी आणि अभ्यासक्रम पूर्णवेळ असावा, या दोन अटी आहेत. दूरशिक्षणाचे किंवा अर्धवेळ अभ्यासक्रमाचे शुल्क यात बसत नाही. खासगी शिकवणीवर्गाला दिलेले पैसेही बसत नाहीत. परदेशी विद्यापीठाला भरलेले शुल्क ८०सी मध्ये धरता येत नाही.

महाविद्यालयाची पावती नीट वाचली तर तिच्यात अनेक रकमा दिसतात. शिकवणी शुल्क, विकास निधी, वसतिगृह, खानावळ, बस, परत मिळणारी अनामत अशी ती यादी असते. यातील शिकवणी शुल्क म्हणजेच ‘ट्यूशन फी’ वजावटीस पात्र असते. विकास निधी, देणगी आणि तत्सम रकमा कायद्यानेच स्पष्टपणे वगळल्या आहेत. वसतिगृह आणि प्रवास यांचाही शिकवणी शुल्कात समावेश होत नाही. काही संस्था एकच एकत्रित रक्कम लिहून पावती देतात. अशा वेळी शिकवणी शुल्क किती, याचे वेगळे प्रमाणपत्र संस्थेकडून प्रवेशाच्या वेळीच मागून घ्यावे.

रक्कम ज्या आर्थिक वर्षात प्रत्यक्ष भरली, त्याच वर्षाच्या हिशेबात ती धरली जाते. शैक्षणिक वर्ष कोणते, हे येथे गौण ठरते. पुढील सत्राचे शुल्क ३० मार्चला भरले तर ते संपणाऱ्या वर्षात जाते. २ एप्रिलला भरले तर नव्या वर्षात. मर्यादा आधीच भरली असेल, तर हा दोन-तीन दिवसांचा फरक महत्त्वाचा ठरतो.

ही मर्यादा वर्षाला दीड लाख रुपये आहे आणि ती केवळ शुल्कासाठी राखीव नाही. भविष्य निर्वाह निधी, आयुर्विम्याचा हप्ता, सार्वजनिक भविष्य निधी, गृहकर्जाची मुद्दल परतफेड हे सारे त्याच दीड लाखात बसवावे लागते. एखाद्या कर्मचाऱ्याच्या वेतनातून वर्षभरात १ लाख २० हजार रुपये भविष्य निर्वाह निधीत जात असतील, तर शुल्कासाठी ३० हजारांचीच जागा उरते, मग शुल्क दोन लाख का असेना. अशा घरात पत्नीही कमावती असून तिची मर्यादा रिकामी असेल, तर शुल्क तिच्या खात्यातून भरणे शहाणपणाचे. दोन अपत्यांची मर्यादा प्रत्येक करदात्यासाठी स्वतंत्र आहे. तीन किंवा चार मुले असलेल्या कुटुंबात दोघांचे शुल्क वडिलांनी आणि उरलेल्यांचे आईने भरल्यास दोघांनाही वजावट घेता येते. एकाच रकमेवर मात्र दोघांना दावा करता येत नाही.

अलीकडे बहुतेक महाविद्यालयांचे शुल्क संकेतस्थळावरून भरावे लागते. पालक मुलाच्या खात्यावर पैसे पाठवतात आणि मूल मोबाइलवरून शुल्क भरून मोकळे होते. ही पद्धत सोयीची असली तरी वजावटीच्या दृष्टीने अडचणीची आहे. शुल्क ‘करदात्याने भरलेले’ असावे, असे कलमाचे शब्द आहेत. बँकेचा पुरावा मात्र मुलाचे नाव दाखवतो. ज्याला वजावट घ्यायची आहे, त्याच्याच खात्यातून रक्कम थेट संस्थेला जाणे सर्वांत सुरक्षित.

कर्जावरील व्याज : रकमेला मर्यादा नाही, वर्षांना आहे

कलम ८०ई ची व्याप्ती अधिक मोठी आहे. बारावी किंवा तत्सम परीक्षेनंतरच्या कोणत्याही शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जावरील व्याज, कितीही असले तरी, पूर्णपणे वजा करता येते. अभ्यासक्रम भारतात असो वा परदेशात, फरक पडत नाही. कर्ज स्वतःच्या, जोडीदाराच्या, अपत्याच्या किंवा आपण कायदेशीर पालक असलेल्या विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी असावे. मुद्दलाच्या परतफेडीला मात्र या कलमाखाली सवलत नाही.

कर्ज कोणाकडून घेतले, हेही पाहिले जाते. ते बँकेचे, शासनाने अधिसूचित केलेल्या वित्तसंस्थेचे किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचे असावे लागते. नातेवाईक, मालक किंवा पतसंस्था यांच्याकडून घेतलेल्या कर्जाचे व्याज येथे चालत नाही. बिगरबँक वित्तसंस्थेकडून कर्ज घेण्यापूर्वी ती या कलमासाठी अधिसूचित आहे काय, हा प्रश्न लेखी विचारावा. सोने तारण ठेवून किंवा वैयक्तिक कर्ज काढून शुल्क भरले, तर त्या कर्जाचा उद्देश शिक्षण होता हे कागदोपत्री सिद्ध करणे अवघड जाते. गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाचा लाभ ज्यांना मिळतो, त्यांना व्याजच भरावे लागत नसल्याने या वजावटीचा प्रश्न उद्भवत नाही. त्यांच्यासाठी वाचलेले व्याज हीच मोठी सवलत.

व्याजाची वजावट कर्ज घेणाऱ्याला आणि ते आपल्या करपात्र उत्पन्नातून फेडणाऱ्यालाच मिळते. कर्जाच्या कागदावर विद्यार्थी मुख्य कर्जदार आणि वडील किंवा आई सहकर्जदार, अशी मांडणी बहुधा असते. सहकर्जदार पालक स्वतःच्या खात्यातून व्याज भरत असेल, तर त्याला वजावटीचा दावा करता येतो. केवळ जामीनदार असलेल्या पालकाने वर्षानुवर्षे हप्ते भरले, तरी कर्ज त्याने ‘घेतलेले’ नसल्याने त्याचा दावा टिकत नाही. कागदावर कोणत्या रकान्यात सही होत आहे, हे पाहण्याची वेळ म्हणजे कर्जमंजुरीचा दिवस.

वजावटीचा कालावधी आठ वर्षांचा आहे आणि तो करदात्याने व्याज भरण्यास आरंभ केलेल्या वर्षापासून मोजला जातो. शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपून एक वर्ष झाल्यावर सुरू होते आणि ती पंधरा वर्षांपर्यंत चालू शकते. चार वर्षांच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात पालकाने पहिल्याच वर्षी थोडे व्याज भरले, तर आठांपैकी पाच वर्षे हप्ते सुरू होण्यापूर्वीच संपतात. याचा अर्थ व्याज भरूच नये, असा नव्हे. वेळेवर भरलेले व्याज मुद्दलात मिळत नाही आणि कर्ज फुगत नाही, हा लाभ अनेकदा करबचतीपेक्षा मोठा असतो. मात्र भरायचेच असेल तर नीट भरावे; नाममात्र रक्कम भरून आठ वर्षांची गणना सुरू करून घेण्यात अर्थ नाही.

ही गणना ‘करदात्याने’ व्याज भरण्यास आरंभ केल्यापासून होते, हे शब्द लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पालकाने आरंभीची काही वर्षे व्याज भरले आणि पुढे नोकरीस लागलेल्या मुलाने कर्जदार म्हणून आपल्या उत्पन्नातून ते भरण्यास सुरुवात केली, तर कलमाच्या शब्दांनुसार मुलाचा कालावधी त्याच्या पहिल्या भरण्यापासून मोजला जातो. आपल्या प्रकरणात असा बदल केव्हा करावा, हे करसल्लागाराशी बोलून ठरवावे.

सर्वांत आधी पाहायचे : करप्रणाली कोणती?

वरील दोन्ही वजावटी केवळ जुन्या करप्रणालीत मिळतात. नवी करप्रणाली २०२३-२४ पासून आपोआप लागू होते. जुनी हवी असल्यास ती निवडावी लागते. नव्या प्रणालीत वजावटी जवळजवळ नाहीत, पण कराचे दर कमी आहेत. २०२५-२६ या वर्षासाठी १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर लागत नाही. पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरता ही रक्कम १२ लाख ७५ हजारांवर जाते. भांडवली नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नाला ही सूट नाही. ज्यांचे वेतन या मर्यादेच्या आत आहे, त्यांना शिक्षणाच्या वजावटीचा शोध घेण्याची गरजच उरत नाही.

त्याहून अधिक उत्पन्न असलेल्यांनी हिशेब मांडून पाहावा. समजा, फोंड्यातील एका पगारदार पालकाचे वार्षिक वेतन १४ लाख रुपये आहे. नव्या प्रणालीत प्रमाणित वजावटीनंतर १३ लाख २५ हजार रुपये करपात्र राहतात आणि ४ टक्के उपकरासह कर होतो ८१ हजार ९०० रुपये. जुन्या प्रणालीत ५० हजारांची प्रमाणित वजावट, ८०सी चे दीड लाख आणि शैक्षणिक कर्जाचे १ लाख २० हजार रुपये व्याज वजा केले, तर १० लाख ८० हजार उरतात. त्यावर कर येतो १ लाख ४१ हजार ९६० रुपये. म्हणजे शिक्षणाच्या दोन्ही वजावटी घेऊनही जुनी प्रणाली ६० हजार ६० रुपयांनी महाग पडते.

याच पालकाला गृहकर्जाचे दोन लाख रुपये व्याज, स्वतःच्या कुटुंबाच्या आरोग्यविम्याचे २५ हजार आणि ज्येष्ठ आईवडिलांच्या विम्याचे ५० हजार रुपये अशा वजावटी आणखी मिळत असतील, तर करपात्र उत्पन्न ८ लाख ५ हजारांवर येते आणि कर ७६ हजार ४४० रुपये होतो. येथे जुनी प्रणाली ५ हजार ४६० रुपयांनी सरस ठरते. गृहकर्ज आणि आरोग्यविमा नाही, पण मुलीच्या परदेशी शिक्षणासाठी ४० लाखांचे कर्ज घेतले आहे आणि त्यावर वर्षाला ४ लाख रुपये व्याज भरले जाते, असे धरले तरी जुन्या प्रणालीतील कर ७५ हजार ४०० रुपये होतो. बचत ६ हजार ५०० रुपयांची. ‘शिक्षणावर कर वाचतो’ म्हणून कर्ज काढण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर त्याच्यापुढे हे आकडे ठेवावेत.

व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या करदात्याला दरवर्षी प्रणाली निवडण्याची मोकळीक आहे. मात्र जुनी प्रणाली हवी असल्यास विवरणपत्र मुदतीतच भरावे लागते. मुदत उलटली की तो पर्याय बंद होतो. व्यावसायिकांना मुदतीत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो आणि एकदा जुनी निवडून नव्या प्रणालीत परतल्यावर, व्यवसाय चालू असेपर्यंत, पुन्हा जुनीकडे वळता येत नाही.

गोव्याची विशेष बाब : कलम ५ए

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा असलेला कौटुंबिक कायदा लागू आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता सामान्यतः समाईक मानली जाते. प्राप्तिकर कायद्याने कलम ५ए द्वारे याची दखल घेतली आहे. अशा दांपत्याचे वेतनाव्यतिरिक्तचे उत्पन्न, म्हणजे धंद्याचा नफा, घरभाडे, ठेवींवरील व्याज, दोघांत समसमान विभागले जाते. वेतन मात्र ज्याने कमावले त्याच्याच नावे राहते.

म्हापशात दुकान चालवणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याचा वार्षिक नफा १६ लाख रुपये असेल आणि कुटुंबाचे दुसरे उत्पन्न नसेल, तर प्रत्येकी ८ लाख रुपये पती आणि पत्नीच्या उत्पन्नात धरले जातात. नव्या प्रणालीत दोघांनाही कर लागत नाही. तेवढेच वेतन घेणाऱ्या नोकरदाराला ही विभागणी मिळत नाही. विभागणीनंतरही उत्पन्न मोठे राहणाऱ्या आणि जुनी प्रणाली निवडणाऱ्या कुटुंबात गृहिणीही स्वतंत्र करदाती ठरते. तिने आपल्या खात्यातून भरलेल्या शुल्काची वजावट ती स्वतःच्या विवरणपत्रात घेऊ शकते. उत्पन्नाची अशी विभागणी करावयाची असेल तर ‘सहज’ म्हणजे आयटीआर-१ हा अर्ज चालत नाही. कलम ५ए चे परिशिष्ट असलेला अर्ज भरावा लागतो. ही चूक नोकरदार कुटुंबांकडूनही होते, कारण ठेवींचे व्याजही विभागावे लागते, हे लक्षात येत नाही.

परदेशी पाठविलेले पैसे आणि मुलाचे स्वतःचे उत्पन्न

परदेशात शिकणाऱ्या मुलासाठी पैसे पाठवताना बँक काही वेळा ‘टीसीएस’ म्हणून रक्कम कापते. २०२५-२६ या वर्षात १० लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर ती कापली जात नाही. त्यावरील रकमेवर, पैसे बचतीतून पाठवले असल्यास, शिक्षणासाठी २०२५-२६ मध्ये ५ टक्के दर होता; ठरावीक वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवल्यास काहीच कापले जात नाही. त्या वर्षात बचतीतून १८ लाख रुपये पाठवणाऱ्या पालकाचे ८ लाखांवर ४० हजार रुपये कापले जात. हे पैसे बुडालेले नसतात. ते पालकाच्या पॅनवर जमा दिसतात, त्याच्या देय करातून वळते होतात आणि जास्त झाल्यास परत मिळतात. वजावट उत्पन्नातून होते; ही जमा थेट करातून वजा होते आणि दोन्ही करप्रणालींत मिळते. फॉर्म २६एएस मध्ये ती नोंद दिसते की नाही, हे मात्र पाहून घ्यावे.

मूल सज्ञान झाल्यावर आणखी एक बदल होतो. अल्पवयीन अपत्याचे गुंतवणुकीचे उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवले जाते. अठरा वर्षांनंतर ते मुलाचे स्वतःचे ठरते. आईवडिलांनी मुलाला दिलेल्या भेटीवर कर लागत नाही आणि त्या रकमेच्या ठेवीवरील व्याज मुलाच्याच नावे धरले जाते. शिक्षणखर्चासाठी मिळालेली शिष्यवृत्ती करमुक्त असते. मात्र शिष्यवृत्तीतून भागलेल्या शुल्कावर पालकांनी वजावट मागू नये, कारण ते पैसे त्यांनी भरलेले नसतात.

कागद जपावेत, दावा खरा असावा

शिकवणी शुल्काचा वेगळा उल्लेख असलेली पावती, ती रक्कम गेल्याचे बँक खात्याचे विवरण, कर्जमंजुरीचे पत्र आणि दरवर्षी बँकेकडून मिळणारे व्याज प्रमाणपत्र, एवढे कागद एका ठिकाणी असावेत. नोकरदारांनी ते वेळेत कार्यालयात दिले नसतील, तरी विवरणपत्रात दावा करता येतो. व्याजाच्या वजावटीसाठी आता विवरणपत्रात बँकेचे नाव, कर्ज खात्याचा क्रमांक, मंजुरीची तारीख आणि शिल्लक रक्कम भरावी लागते; त्यामुळे अंदाजे आकडा लिहून चालत नाही. परतावा वाढवून देण्याच्या आमिषाने खोटी वजावट दाखवणाऱ्यांपासूनही सावध राहावे. माहिती जाणूनबुजून चुकीची दिल्यास बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो आणि तो करदात्याला भरावा लागतो, सल्ला देणाऱ्याला नाही.

यंदा ज्यांच्या घरी प्रवेशाची तयारी चालली आहे, त्यांनी शुल्क भरण्यापूर्वी अर्धा तास काढून दोन्ही प्रणालींतील आपला कर मांडून पाहावा. नवी प्रणाली सरस ठरत असेल, तर वजावटीची चिंता सोडून कर्ज कमी कसे होईल, याकडे लक्ष द्यावे. जुनी सरस ठरत असेल, तर शुल्क कोणाच्या खात्यातून जाईल आणि कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून कोणाची सही होईल, हे पतिपत्नींनी त्याच दिवशी ठरवावे.